आधी मुतारी, मग चषक

दामूभाऊ गेले ही बातमी आणि त्यांच्या नावाने चषक ठेवायचं ठरलंय ही बातमी मला एकाच फोनमध्ये मिळाली. मी नागोठण्याच्या एसटी स्टँडवर उभी होते. पलीकडून गावच्या मंडळाचा सेक्रेटरी बंड्या बोलत होता. "ताई, वाईट झालं. भाऊ गेले. कंपनीच्या गेटवरच अ‍ॅटॅक आला..." मी काही बोलायच्या आत त्याने पुढचं सांगून टाकलं. "पोरांनी ठरवलंय, यंदाचे कबड्डीचे सामने भाऊंच्या नावाने घ्यायचे. तू लिवतेस ना, तर पत्रिकेवर टाकायला दोन शब्द दे." माझ्या तोंडून रडण्याऐवजी प्रश्न बाहेर पडला, "मैदानावर पोरींसाठी मुतारी बांधलीत का रे?" बंड्या म्हणाला, "ताई, हा काय टाइम हाय का हे विचारायचा?"

त्याला महिना उलटून गेला. ते दोन शब्द मी अजून दिलेले नाहीत. हा लेख त्या पत्रिकेसाठी नाही. भाऊंनी ज्या गोष्टीसाठी उभ्या तालुक्याची टिंगल सोसली तिचं काय झालं, हे विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

भाऊ रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. घर पेण आणि वडखळच्या मधल्या आमच्या गावात. तरुणपणी ते चांगली चढाई करायचे, मग गुडघा गेला आणि त्यांनी मुलींचा संघ बांधला. शिफ्ट संपवून आले की तोंडावर पाणी मारून थेट शाळेमागच्या मैदानावर. मी कॉलेजात असताना त्या संघात गेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "दुपारपासनं काय खाल्लंस?" मी म्हटलं, चहा आणि खारी. भाऊ हसले नाहीत. "चहा-खारीवर चढाई करशील गो तू. समोरच्या अंगणात पोचशील पण. परत कोण आणणार तुला?"

भाऊंच्या साऱ्या शास्त्राची सुरुवात या प्रश्नापासून व्हायची. कंपनीतल्या भाषेत ते आम्हाला समजावायचे. स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, तो पळताना, झटापट करताना संपतो. "पहिल्या शिफ्टनं टाकी रिकामी केली, दुसऱ्या शिफ्टनं भरली नाय, तर तिसरी शिफ्ट काय हवेवर चालवणार?" सराव संपला की घाम वाळायच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. पोहे, त्यात गूळ आणि ओलं खोबरं. एक उकडलेलं अंडं, नाहीतर मूठभर चणे. घरी गेल्यावर वालाची उसळ, भाकरी, सुकट. कुणा पुढाऱ्याने मुलांच्या संघाला पावडरीचा मोठा डबा भेट दिला, त्यावर दंड फुगवलेला गोरा माणूस होता. भाऊंनी डबा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा वाल खात नाय वाटतं." मुलींच्या संघाला डबा मिळाला नव्हता. पण भाऊंना राग आला तो त्याचा नव्हे. आमच्यातल्या निम्म्या पोरी रात्री सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलेलं खातात, हे त्यांना तेव्हा नुकतंच कळलं होतं. सरावात रोज झिजणारं शरीर दुरुस्त व्हायचं कधी आणि कशावर?

मग ते घरोघर गेले. आमच्या घरी त्यांना अडचण आली नाही. माझे वडील चळवळीतले, घरात पत्रकांचे गठ्ठे, आणि समतेवर बोलायला सगळ्यांनाच आवडायचं. पण संघातल्या पल्लवीच्या आईने त्यांना ओटीवरच गाठलं. "ही खेळून येणार नि आयतं ताट पुढं घेणार? आमी शेतावरनं येतो, तवा आमाला कोण वाढतं ओ?" भाऊ डोकं खाजवत उभे राहिले आणि म्हणाले, "मग तुमी पण तवाच खावा ना, वहिनी. तुमचं अंग काय लोखंडाचं हाय?" पल्लवीची आई आत गेली. परत आली ती चहा घेऊन. पल्लवी दुसऱ्या दिवसापासून आधी जेवू लागली. आई मात्र नाही. भाऊ हे पुढे कितीदा तरी बोलून दाखवायचे, स्वतःवर चिडल्यासारखे.

खाणं सुधारलं तसा आमचा खेळ सुधारला. सरावात आम्ही शेवटपर्यंत टिकायला लागलो. पण सामन्याच्या दिवशी काय व्हायचं कुणास ठाऊक. पहिला डाव जोरात, दुसऱ्या डावात पोटऱ्यांना गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. शबाना आमची सगळ्यात चपळ चढाईपटू. सहाजणींच्या वेढ्यातून माशासारखी निसटायची. तीही संध्याकाळच्या सामन्यात लंगडायला लागायची. भाऊंनी दोष खाण्यालाच दिला. पोहे वाढवले, केळी आणली, सकाळी मीठ घातलेली पेज सुरू केली. आणि मुख्य म्हणजे सरबत. लिंबू, मीठ, साखर घालून स्टीलच्या कळशीत ते स्वतः ढवळायचे आणि चव बघून मान डोलवायचे. "घामातनं मीठ जातं, ते ह्यातनं परत येतं. प्या गो, लाजू नका." आम्ही पेले घ्यायचो, मंडपामागे जायचो आणि ओतून द्यायचो. त्यांना सांगायचं कसं? सकाळी घरून निघाल्यापासून सामने संपून घरी येईपर्यंत जायला जागाच नसायची. मैदानाच्या चारी बाजूंना माणसं, शाळेला कुलूप, चावी शिपायाकडे, शिपाई सामने बघायला पहिल्या रांगेत. पोरगे कुठल्याही कुडाकडे तोंड करून मोकळे. म्हणून आम्ही आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्याजणी तेच करत होत्या. आणि भाऊ मात्र कळशीकडे बघून बुचकळ्यात, की एवढं सरबत जातंय कुठे!

कोडं सुटलं ते कंपनीतल्या एका तक्त्यामुळे. बॉयलरपाशी काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात चक्कर येऊ नये म्हणून सेफ्टीवाल्यांनी संडासात तक्ता लावला होता, लघवीचा रंग फिका असेल तर पाणी पुरेसं, गडद असेल तर कमी. भाऊंनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि आनंदाने घरी आणला. पण पोरींना विचारणार कोण? त्यांनी ते काम बायकोवर टाकलं. सुमनकाकी. नवरा भाऊ आणि बायको काकी, असं आमचं कुठल्याही हिशेबात न बसणारं नातं होतं. पुढच्या सामन्यांना काकी आमच्याबरोबर आल्या, मोबाइल पुढे करून एकेकीला कोपऱ्यात नेऊन विचारत राहिल्या, आणि मग तरातरा भाऊंकडे गेल्या. आम्हाला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "रंग कसला सांगतील त्या? सकाळपासनं एक पोर मुतायला गेली नाय! तुमचं सरबत त्या झाडाला घालतायत. झाड बघा कसं तरारलंय."

भाऊ तिथेच बाकावर बसले. इतकी वर्षं आपण पोरींना काय खायचं ते सांगितलं, आणि पाणी प्यायल्यावर त्यांनी जायचं कुठे, ते आपल्या डोक्यातच आलं नाही... ते कुणाकडे बघेनात. गोळे यायला कारणं पुष्कळ असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण दिवसभर कोरडं राहिलेलं शरीर खाल्लेलंही नीट वापरू शकत नाही, घाम गाळू शकत नाही, तापत जातं, हे कंपनीत दर उन्हाळ्यात त्यांना शिकवलं जात होतं. मैदानावर ते त्यांना दिसलं नव्हतं, इतकंच.

मी पेटले. घरी जाऊन पत्रक लिहिलं. 'महिला खेळाडूंच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली' वगैरे. भाऊंनी ते लक्षपूर्वक वाचलं. "चांगलं लिवलंस. पण 'प्रसाधनगृह' कशाला? मुतारी लिव. तुलाच नाव घ्यायला लाज वाटते, तर देणाऱ्याला ती द्यावीशी कशी वाटंल?" मी बदललं. पत्रकं वाटली. त्यावर लोकांनी भजी खाल्ली. मग भाऊंनी आपली पद्धत सुरू केली. कुठेही संघ न्यायच्या आधी मोटरसायकलवरून ते मैदान बघून यायचे. मॅट कशी आहे, माती किती, हे विचारायचेच नाहीत. "पोरींची मुतारी कुठाय?" दार आहे का, कडी आतून लागते का, पाणी आहे का. नसेल तर नाव मागे. लोक त्यांना 'मुतारीवाले भाऊ' म्हणायला लागले. एकेकाळी ज्यांच्या चढाईवर गावं ओरडायची त्या माणसाला. "म्हणू देत," ते म्हणायचे, "निदान शब्द तरी तोंडात बसंल."

आणि मग रोह्याजवळच्या त्या सामन्यांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत. तिथून जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती. शबानाचं नाव नक्की समजलं जात होतं. त्या संघातून खेळल्याचं सर्टिफिकेट मिळालं असतं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून तिला संधी होती. तिचं ते शेवटचं वर्ष, पुढे ती वयोगटातून बाहेर जाणार. आयोजकांनी भाऊंना सोय दाखवली होती, पडदे, पिंप, सगळं. आम्ही पोचलो तेव्हा त्या जागी वडापावची गाडी लागली होती. "दोन तासांचा प्रश्न हाय, भाऊ," आयोजक म्हणाला. "इतक्या वर्षांत कुणी मेली का?" भाऊ म्हणाले, "मेल्यावरच बांधणार काय?" आणि आम्हाला सांगितलं, बॅगा उचला. शबानाने त्यांचा हात धरला. "भाऊ, मी धरून ठेवते. मला सवय हाय. खेळू द्या मला." भाऊ म्हणाले, "तीच सवय नको हाय मला, पोरी." आम्ही परत आलो. समोरच्या संघाला सामना बहाल झाला. शबानाची निवड झाली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, नवरा कतारला, ती गावातच शिवणकाम करते.

त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात मोठा विजय. आज तसं ठामपणे म्हणता येत नाही. भाऊंनी तत्त्व राखलं, किंमत शबानाने दिली. पण त्या दिवशी त्यांनी आम्हाला तसंच खेळवलं असतं तर पुढच्या पोरींनी कुठल्या तोंडाने मागितलं असतं? मी हे दोन्ही प्रश्न घेऊन झोपते आणि उठते. भाऊही तसेच वावरत असावेत. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी शबाना काकींकडे आली, खाली बसली आणि म्हणाली, "काकी, खोटं नाय बोलणार. मी त्यांना माफ नाय केलं." काकी म्हणाल्या, "नको करू. त्यांनी पण स्वतःला नव्हतं केलं. चहा घे."

गेल्या आठवड्यात मंडळाची माणसं काकींकडे भाऊंचा फोटो मागायला आली. स्टेजवर ठेवायचा, हार घालायचा, चषकावर छापायचा. मी आणि शबाना तिथेच होतो. काकींनी विचारलं, "मुतारी?" बंड्या उत्साहाने म्हणाला, "काकी, यंदा मोबाइल टॉयलेट आणतोय. दोन दिवस भाड्यानं. एकदम टकाटक." काकींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आपल्या पोरी त्या मैदानावर रोज खेळतात रे. तिसऱ्या दिवशी त्यांना लागणार नाय का?" कुणीतरी जागेचं सांगितलं, कुणी ग्रामपंचायतीचं, कुणी म्हणालं की मेलेल्या माणसाचं नाव चांगल्या कामाला लावावं, ह्या कामाला कशाला. काकी म्हणाल्या, "त्यांना जिवंतपणी तुमीच लावलंत ना ते नाव? आता तेच चालू द्या. आधी चार भिंती उभ्या करा, फोटो मी स्वतः आणून देन." माणसं उठली. फोटो मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी शबाना मैदानावर आली. लग्नानंतर पहिल्यांदा. सरावाला आलेल्या पोरींकडून तिने मैदान आखायची पांढरी फक्की घेतली, कुंपणाजवळच्या कोपऱ्यात गेली आणि पावलं टाकत एक लहानसा चौकोन आखला. एका बाजूला दरवाजाएवढी जागा मोकळी सोडली. क्रिकेट खेळणारा एक मुलगा चेंडूमागे धावत त्यातून आरपार निघाला. "ए, भिंतीतनं कुठं जातोस? दार हिकडं हाय!" शबाना ओरडली. पोरी हसल्या. मुलगा खरंच थबकला.

दुसऱ्या दिवशी रेघा पुसल्या गेल्या होत्या. पोरींनी त्या पुन्हा आखल्या. तेव्हापासून त्या रोज आखतात, सरावाचं अंगण आखायच्या आधी. मंडळाचा निर्णय अजून झालेला नाही, पत्रिका छापायची राहिली आहे. काल मी कुंपणापाशी उभी होते. बंड्या फोनवर जोरजोरात बोलत मैदान ओलांडत होता. त्या रेघेशी आला, खाली पाहिलं, बोलता बोलता थांबला... आणि वळसा घालून गेला.