कोपरा फाडलेलं कार्ड

नागपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी बारा वर्षं रजिस्टर लिहिलं. तिथे फक्त कॅन्सर झालेली मुलं असत. उपचार फुकट होते, आणि कोणतं औषध किती लागू पडतं याचा अभ्यासही चाले. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी दवाखान्याचा पत्ता घातलेली सहा कोरी पोस्टकार्डं देत असे. महिन्याला एक टाकायचं, मूल कसं आहे ते लिहायचं. डॉक्टर म्हणत, बातमी वाईट असली तरी चालेल, पण हवी.

वॉर्डातली आया चिडवायची, "बाई, सोयऱ्यायची तरी इतकी पत्रं येतात का वं तुमाले?"

काटोलकडच्या एका सात वर्षांच्या मुलीची चार कार्डं आली. जेवते, खेळते. पाचव्याचा कोपरा फाडलेला होता. असं कार्ड मृत्यूचं. ते कोणी घरात नेत नाही, दारातच वाचून फाडतात. पोस्टमन मला फाटकाशी भेटला होता. मी वाचलं, चार तुकडे केले, हात धुतले आणि कामाला लागले. नोंद करायची राहिली.

दोन महिन्यांनी कार्डं थांबलेल्या सगळ्यांना मी स्मरणपत्रं पाठवली : मुलाला तपासणीसाठी घेऊन या. तिच्या नावापुढचा रकाना रिकामा होता, म्हणून तिच्या घरीही एक गेलं. तेव्हाही मला आठवलं नाही.

आठवड्याने तिचा बाप टेबलासमोर उभा राहिला. हातात माझंच पत्र.

"मी तं कोपरा फाडून कार्ड टाकलं होतं, बाई. भेटलं नाही का?"

"मिळालं होतं. मी फाडलं. लिहायचं राहिलं."

तो रागावला नाही. "तिची माय बाहेर बसली हाय. म्हनते, दवाखाना उगाच नाही बोलावत, नवं औषध निघालं असन. मी सांगून राहिलो, ऐकत नाही. तुमी सांगा."

ती पायरीवर बसली होती. मांडीवर पोरीचे जुने कागद, पिशवीत धुतलेला फ्रॉक. मी सांगितलं, नवं औषध नाही. चूक माझी आहे.

बराच वेळ ती कागदांच्या कडा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "म्हनजे तुमच्या वहीत पोरगी अजून जितीच हाय?"

"हो."

"मंग राहू द्या न बाई तसंच."

मी तिला पाणी दिलं. आत आले, बापाला तारीख विचारली आणि शेवटच्या रकान्यात लिहिली. शाई टिपली. बाहेर येऊन तिला सांगितलं, लिहावं लागलं, पण नाव खोडलेलं नाही, आम्ही कुणाचंच खोडत नाही. तिने मान हलवली की नाही, मला आठवत नाही. काटोलची बस तीनला होती. ती दोघं अडीचला उठली. फ्रॉकची पिशवी बापाने घेतली.

त्यानंतर कोपरा फाडलेली कार्डं मी टेबलाच्या खणात ठेवू लागले. आया त्या खणाला हात लावत नसे.