पहिल्या दोरावर कोण

भिमाजीच्या हाताखाली मी घाटात दरडी उतरवल्या. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या कड्याला दोरानं लोंबकळायचं, पहारीनं दगड ठोकून बघायचे आणि सुटे दगड आपण होऊन कोसळायच्या आत आपणच पाडायचे, असं ते काम. ठेकेदार बदलत गेले, मुकादम भिमाजीच राहिला. तो कान्हे गावचा, मी वलवणचा. आता दोघंही घरी बसलो आहोत. त्याचे गुडघे गेले, माझा उजवा खांदा.

भिमाजीला आळस चालत नसे. तो शिवी देत नसे, हात उगारत नसे. अर्ध्या मनानं पहार उचलणाऱ्याला काही दिवस नुसता बघायचा. मग एका सकाळी म्हणायचा, "भाऊ, तुमी दुसरीकडं काम बघा." एवढंच. त्या माणसानं कितीही गयावया केली तरी पुन्हा त्याला दोर मिळत नसे.

दोर तो स्वतः तपासायचा. सकाळी जमिनीवर पसरून मुठीतून वीत-वीत ओढायचा. कुठं पीळ सुटलेला हाताला लागला की तो दोर बाजूला, परत वापरायचा नाही. एकदा ठेकेदार ओरडला, "नवा दोर झाडाला लागतो का?" भिमाजीनं तो जुना दोर उचलून त्याच्यापुढं धरला. म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर आज तुमी उतरा. आमी वर धरतो." ठेकेदार हसला आणि गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी नवे दोर आले.

तो शिकला चौथीपर्यंत. मुलाला आयटीआय करवलं, नात अपेक्षा आता कॉलेजात आहे. टोळीतल्या कोणाच्या घरी बारसं असो की मयत, भिमाजी आला नाही असं झालं नाही. घरी आला की चहा घ्यायचा, म्हातारीची चौकशी करायचा, पोरं किती, कितवीत, विचारायचा. आम्ही म्हणायचो, मुकादम असावा तर असा.

माणसं कुठं लावायची हे तो सकाळी कड्यावर ठरवायचा. सगळ्यांत आधी जो उतरतो त्याला आम्ही पहिला दोर म्हणायचो. खालचा दगड कसा आहे हे त्याला माहीत नसतं. तो ठोकत, पाडत वाट करतो, मग मागचे उतरतात. काही जण वर दोर धरायला थांबतात. भिमाजी नुसतं बोट दाखवायचा. कारण सांगायचा नाही, आणि आम्हीही विचारत नव्हतो.

मी बरीच वर्षं पहिल्या दोरावर होतो. चांगल्या कामगाराची ती जागा, असं मी समजत होतो. मुलीच्या सासरी, जावयाच्या मित्रांत, सगळीकडं मी हे सांगितलं आहे.

गेल्या रविवारी दुपारी कान्ह्याला गेलो. भिमाजी पडवीत भिंतीला टेकून बसला होता. पाय लांब केलेले, मोबाईल नाकाशी. शेजारी अपेक्षा.

"ये बाजीराव. बस. जरा बोलू नकोस."

"काय चाललंय?"

"लढाई हाय."

अपेक्षा हसायला लागली. "माझा गेम आहे, आजोबा. आता आबांचाच झालाय."

मी वाकून बघितलं. राक्षस, बुटके, धनुष्यवाल्या बायका, एक पांढऱ्या दाढीचा जादूगार.

"ह्या वयात राक्षस पाळायला लागलास व्हय?" मी म्हणालो.

"तुझ्यापरीस बरे. आल्या आल्या चहा मागत न्हाईत."

अपेक्षानं मला खेळ समजावून सांगितला. समोरून हाडांच्या सापळ्यांची फौज येते. आपण आपल्या तुकड्या चौकटींत मांडायच्या. एकदा सुरू केलं की मग आपल्या हातात काही नाही. आपण मांडलं तसं ते लढतात आणि आपण नुसतं बघायचं. ही लढाई खिंडीतली होती. खिंडीच्या तोंडाला एकच चौकट. तिथं कोणाला तरी उभं करावंच लागतं, पहिला मार त्याच्यावर बसतो.

"मी मांडलं की हरते," अपेक्षा म्हणाली. "आबांनी मांडलं की जिंकतो. माझ्या मैत्रिणीपण आबांना विचारायला लागल्यात."

भिमाजीचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. बोट एका हिरव्या राक्षसावर ठेवून त्यानं विचारलं, "ह्यो पडला तर?"

"तो दुसरा त्याचा भाऊ आहे. भाऊ पडला की तो लढायचं सोडतो."

"आन ही धनुष्यवाली?"

"तिच्या मागच्या दोघी तिच्या मुली. त्या पळून जातात."

"ह्यो कुबडा?"

"तो भाडोत्री, आबा. त्याचं कोणाशीच नातं नाही. तो गेला तर कोणाला काही होत नाही."

"मग ह्यो पुढं," भिमाजी म्हणाला आणि कुबड्याला ओढून खिंडीच्या तोंडाला ठेवलं.

मला राहवलं नाही. "अरं, तो केवढासा! ह्यो थोराड ठेव की पुढं. कामाचा दिसतोय."

"पहिला घाव बसला की थोराड काय आन बारीक काय. त्याच्या मागं किती मोडतात ते बघायचं."

"हे कुटं शिकलास?"

"शिकायचं काय त्यात?" त्यानं मान वर केली नाही. "घाटात दुसरं काय करत होतो?"

तो हे पाणी मागावं तसं बोलला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानात आवाज भरला. सुट्या दगडावर पहार बसली की येतो तसा, पोकळ.

"पहिल्या दोरावर…" मी म्हणालो.

"व्हय."

"मी होतो."

"तू होतास. तवा तुझं लगीन झालं न्हवतं. आई-बाप गेलेलं. एक बहीण, ती दिलेली."

"माझं काम बघून न्हाई ठेवलंस?"

आता त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "काम समद्यांचंच चांगलं होतं, बाजीराव. ज्याचं न्हाई त्याला मी ठेवतच न्हवतो."

मी उठलो आणि पुन्हा बसलो. काय करावं कळेना. उन्हात तापलेल्या कड्यावर मी एकेक दगड पुन्हा पुन्हा ठोकला होता. दुसऱ्यानं एकदा ठोकला असता. हाताची कातडी सोलली तरी वर कळू दिलं नव्हतं. पहिला उतरणारा मी, शेवटी वर येणारा मी. हे सगळं बघून मला ती जागा मिळाली, असं मी धरून चाललो होतो. त्यानं बघितलं होतं ते माझं घर. चहा पिता पिता माणसं मोजली होती.

आणि मग माझी लेक ज्योत्स्ना जन्मली ते साल आठवलं. आधीचा हंगाम संपल्यावर माझं लग्न झालं आणि लवकरच तिची चाहूल लागली. पुढच्या हंगामाला तिचं बारसं करून कामावर आलो, त्या सकाळी भिमाजीनं मला वर दोर धरायला लावलं. मला वाटलं, माझी नजर कमी पडली, हात ढिला झाला. त्याला दिसावं म्हणून मी दोन-दोन पहारी खांद्यावर घेऊन कडा चढत होतो. त्यानं बघितलं, बोलला काही नाही. माझा खांदा गेला तो तेव्हापासून.

माझ्या जागी त्यानं रखमाजीला पाठवलं. रखमाजी लहानपणी कुठल्यातरी रस्त्याच्या टोळीबरोबर मावळात आला होता. आपलं गाव कोणतं हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्यावर अख्खी शिळा सरकली. दोर तुटला नाही. दोर चांगला होता. आम्ही त्याला वर ओढून घेतलं तेव्हा तो गेलेला होता. कळवायचं कोणाला हा प्रश्नच आला नाही. भिमाजीनं आणि मी त्याचं शेवटचं सगळं केलं.

"आन रखमाजी?" मी विचारलं.

"त्याचं कोण होतं?" भिमाजी म्हणाला.

अपेक्षा आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होती. "रखमाजी कोण?"

"होता एक," भिमाजी म्हणाला. "लय हसायचा."

अपेक्षानं विचारलं, "आबा, सुरू करू?"

"थांब." त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ह्याला पटत न्हाई. ह्याला मांडू दे."

मी घेतला. तुकडी दोनदा भलत्याच चौकटीत पडली. कुबड्याला काढून मागं नेलं. सगळ्यांत ताकदवान कोण ते अपेक्षाला विचारलं आणि त्या हिरव्या राक्षसाला खिंडीच्या तोंडाला उभं केलं. ताकद त्याची, मान त्याचा. जे योग्य ते मी केलं.

तो चांगला लढला. बराच वेळ टिकला. मग पडला. भावानं गदा टाकून दिली. भावाची जागा मोकळी पडली, तिथून सापळे आत घुसले, धनुष्यवाली गेली, तिच्या मुली पळाल्या. थोड्याच वेळात माझं कोणी उरलं नाही.

भिमाजी हसला नाही. मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो.

"पुन्हा मांडता येतं, आजोबा," अपेक्षा म्हणाली. "इथं सगळे परत येतात."

दुसऱ्यांदा मी धनुष्यवालीला पुढं न्यायला गेलो. बोट ठेवलं, उचललं. बुटका बघितला, त्याचा जुळा शेजारीच होता. जादूगाराला बघितलं, त्याच्या मागं त्याचा शिष्य. ज्याच्यावर बोट ठेवावं त्याचं कोणी ना कोणी मागं उभं. मला घाई कोणी करत नव्हतं. मी कुबड्याला ओढलं आणि पुढं ठेवलं.

तो लगेच पडला. बाकी सगळे आपापल्या जागी उभे राहिले, लढले, आणि जिंकले.

"जमलं की तुम्हाला!" अपेक्षानं टाळी वाजवली.

माझ्याच बोटानं केलं होतं ते.

"मला सांगितलं का न्हाईस?" मी भिमाजीला विचारलं. "का पुढं ठेवतो ते?"

"सांगून काय झालं असतं?"

"इचारायचं तरी."

"तू व्हय म्हणला असतास."

ते खरं होतं. त्या वयात मी हो म्हणालो असतो, मिशीवर हात फिरवून.

"आन रखमाजीला?"

"तो बी व्हय म्हणला असता." भिमाजी बाहेर अंगणाकडं बघत राहिला. "म्हणून न्हाई इचारलं."

आजही त्याचा राग येतो, आणि मी घरी लेकीचं लग्न लावलं, नातवंडं खेळवली तीही त्याच्याच बोटामुळं, हे मनातून जात नाही.

पडद्यावर पुढची लढाई आली होती. या वेळी नदी ओलांडायचा उथळ उतार होता आणि पलीकडं फौज. उतारात उभं करायला पुन्हा एकच चौकट. अपेक्षानं मोबाईल माझ्याकडं सरकवला. मी घेतला नाही. तिनं भिमाजीकडं बघितलं.

भिमाजीनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि हात पुढं केला.