बांधाकडे पाठ करणारे कामठेसाहेब

कामठेसाहेब कुठलाही बांध तपासायला आले की आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे भांडगावचे गृहस्थ मातीचे खाजगी बांध पाहून त्यांच्या धोक्याचा वर्ग ठरवत. कारेगावच्या वरच्या अंगाला, ओढ्यावरचा माझा बांध मी स्वतःच्या हिमतीवर घातलाय. पोटात काळी माती, वर मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग. तो सोडून साहेब खाली बघत राहिले, तसा मी तापलो.

"साहेब, बांध मागं हाय. तिकडं काय बघताय?"

"बांध काय पळून जातोय व्हय, शेठ? फुटला तर पाणी कुणाच्या दारात जाईल, ते बघतोय."

खाली ओढ्याच्या काठानं रांजणगावच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा होत्या. दोऱ्यांवर कंपन्यांचे गणवेश वाळत होते.

त्यांनी वर्ग दिला, सर्वांत धोक्याचा.

"माझ्या बांधात खोट दाखवा!" मी ओरडलो.

"खोट न्हाई. पण वर्ग खालच्या माणसांवरनं ठरतो."

"खोल्या माझ्यानंतर झाल्या. मधला वर्ग द्या आन् मिटवा."

ते हसले. "घासाघीस कांद्याची करा, शेठ. माणसं हायती तेवढी हायती."

हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही. पण त्यांच्यावर राग धरता येत नसे.

आमच्याकडे पावसाळा सरत आला की सांडव्यात, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेत, मातीच्या गोण्या रचतात. हातभर पाणी जास्त साठतं. परतीचा पाऊस दणकून आला तर मात्र तेच पाणी बांधावरून जातं आणि माती कापत नेतं. साहेबांनी मला गोण्या काढायला लावल्या. मी शिव्या देत काढल्या. त्याच ओढ्यावर माझ्या वर आप्पांचा बांध आहे. आप्पांनी साहेबांना चहा पाजला, "व्हय व्हय" म्हणाले आणि गोण्यांचा आणखी एक थर चढवला. तो बांध फुटला तर माझाही घेऊन जाणार, आणि नाव माझंच होणार.

मग साहेब स्वतः खाली सांगायला गेले. "भाडेकरू पळवायला आलास काय रं म्हाताऱ्या?" म्हणून खोलीमालकानं त्यांना हाकललं. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं तेवढं ऐकून घेतलं. "बाबूजी, चले तो जाएँ, पर कहाँ? कमरा आप दिलाओगे?"

परत येऊन ते माझ्या बांधाच्या पायथ्याशी बसले. पहिल्यांदाच, खोल्यांकडे पाठ करून.

"वर्ग लिवला म्हंजी धोका सांगितला, असं जन्मभर वाटत होतं, शेठ. हितं वाचणारं कोण हाय?"

या उन्हाळ्यात साहेब गेले. मयतीला आप्पा आले होते. "लई भला माणूस," म्हणाले. मी तिथंच त्यांच्या अंगावर धावलो. लोकांनी मलाच बाजूला नेलं.

खोल्यांवर आता दुसरा मजला चढलाय. आप्पांच्या गोण्यांवर गवत उगवलंय. पाऊस लागला की मी पायथ्याशी साहेबांच्या जागी, बांधाकडे पाठ करून उभा राहतो. खालून ती धुणं धुणारी बाई मला हात करते. तिला वाटत असावं, वर कुणीतरी राखणीला आहे.