लख्ख धुतलेले मणी

आमचे हे म्हणजे एक नंबरचे हट्टी. कुणी तोंडात घालणार नाही असलं कडू बियांचं स्वस्त तेल आणायचं आणि त्याचं गाडीचं डिझेल करायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मागच्या शेडमध्ये एक पिंप, त्यात कोमट तेल आणि मोहरीएवढे पांढरे मणी. मण्यांवर एन्झाइम बसवलेलं. खरं काम तेच करतं, आणि मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात. वरून स्पिरिट घालायचं तेही जरा जरा, एकदम ओतलं की एन्झाइम मरतं. "पोरांना कधी एवढ्या मायेनं भरवलं नाहीत," मी म्हणायचे.

मणी एका मित्राच्या प्रयोगशाळेतले. ती बंद पडली, त्यामुळे दुसरे मिळणार नव्हते.

शाळेच्या बसचा मालक सोमवारी येणार होता. डिझेल पसंत पडलं तर हे इथेच राहणार, नाहीतर लांबच्या कारखान्यातली नोकरी धरणार. सासऱ्यांनी त्याचा धसकाच घेतला होता, म्हणून तर ते मदतीला लागले.

सासऱ्यांचा जन्म लॉन्ड्रीत गेला. उकळतं पाणी आणि सोडा यांनी जगातलं काहीही सुधारतं, असं त्यांचं ठाम मत. आम्ही बाजारातून आलो तर मणी टॉवेलवर वाळत घातलेले.

"बघ कसे लख्ख निघाले," ते यांना म्हणाले. "केवढा मेणचट थर होता. चांगले उकळून काढले."

यांनी एक मणी चिमटीत धरला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"छान झालेत, बाबा," एवढंच म्हणाले.

तेच मणी पिंपात घातले. "होईल का काही?" मी हळूच विचारलं.

"उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघतं का?" म्हणाले, आणि तरी पिंपापाशी बसून राहिले. तेल तेलच राहिलं. सोमवारी बसवाल्यानं बाटली उजेडात धरली, हुंगली आणि परत दिली. मला रडू आवरेना. रागवायचं तरी कुणावर?

जाण्याच्या आदल्या दिवशी यांचे शर्ट सासऱ्यांनीच धुतले, कडक इस्त्री केली, बॅगेत नीट रचले.

"त्या बसवाल्याला अक्कल नाही," ते म्हणाले. मग शर्टांवरून हात फिरवत, "तिकडे असतात का रे असले मणी? धुतं कोण?"

"तुमच्यासारखं धुणारं कुणी नाही, बाबा."

सासरे खूश झाले आणि त्यांनी बॅगेची चेन लावली.