वहिनीच्या मापाचा पट्टा

बाई गं,

तुझ्यावर लिहायला बसले आहे हे तुला एव्हाना कळलंच असेल. आपल्या गल्लीत बातमी चालत नाही, धावते. तेव्हा आधीच सांगून ठेवते, गोड लिहिणार नाही. तू सोशिक, तू समजूतदार, तू घराची अब्रू राखलीस, असलं यात काही सापडायचं नाही. तू डूख धरणारी बाई आहेस आणि मला तू त्यापायीच आवडतेस. सूड वाईट, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांचा चारचौघांत कधी पाणउतारा झाला नाही त्यांना क्षमेवर बोलायला काय जातं?

आता पुढचं सगळं तुलाच उद्देशून लिहिलं तर ओळीओळीला आडवी येशील. 'असं नव्हतंच मुळी' म्हणशील. म्हणून इथून पुढे मी लोकांना सांगते. तू आपली गप्प बसून वाच.

तर कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. धाकटा दीर म्हणायचा म्हणून रंधा मारणारे म्हणू लागले, मग लाकूड आणणारा ट्रकवाला, मग गिऱ्हाइकं. शेवटी शेजारपाजारच्या तिच्याहून थोरल्या बायकाही तिला वहिनीच म्हणू लागल्या. अंगाने भरभक्कम. ती दारात उभी राहिली की खोलीतला उजेड कमी व्हायचा. हे मी म्हणत नाही, तीच सांगायची आणि वर म्हणायची, 'दिवा लावा, मी आले.' बाप सुतार. लग्न होऊन आली ती स्वतःच्या पटाशा घेऊन. सासूने विचारलं, ह्या कशाला? तर म्हणाली, घरातली दारं लागत नाहीत, आल्या आल्या पाहिलं मी.

नवरा होता तोवर ठीक चाललं. कारखाना दोघा भावांचा, पण हात हिचा. जिने, दारं, कपाटं, जे नाजूक आणि चिवट काम असेल ते हिच्याकडे. नवरा आजारात गेला, आणि त्याची खुर्ची रिकामी झाली तसा दीर तीत बसला. कुणी बसवला नाही आणि कुणी उठवलाही नाही. काटकुळा माणूस, भांग चापूनचोपून, बोलणं तुपात बुडवलेलं. वहिनींशिवाय पान हलत नाही असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि मनातून तिला पाण्यात पाहायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोक्यावरून पाहत विचारायचं, 'वहिनी कुठायत?' हे किती काळ सोसवेल माणसाला?

त्यातच नाट्यगृहाचं काम आलं. जुनं लाकडी छत वाळवीने खाल्लं होतं, ते उतरवून नवं बसवायचं होतं. चौकोनी लाकडी तावदानं, प्रत्येकात कोरीव चांदणी, आणि सगळ्यांचे सांधे असे जुळायचे की खालून पाहणाऱ्याला एकच अखंड फळी वाटावी. नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंना नमुना वहिनीनेच करून दाखवला होता, आणि काम मिळालं ते त्या नमुन्यावर. ते छत स्वतःच्या हाताने वर चढवायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. जेवताना टेबलावर बोटाने चांदण्या काढत बसायची.

नाट्यगृहाची एक अट होती. परांचीवर कुणीही सुटं हत्यार न्यायचं नाही. ज्याच्या कमरेला हत्यारांचा पट्टा असेल तोच वर चढेल. अट रास्तच. तेवढ्या उंचीवरून हातोडी सुटली तर खालच्याचं डोकं जायचं.

दिराने पट्ट्यांचा गठ्ठा आणला आणि अंगणात सगळ्यांना उभं करून वाटला. चामडी पट्टा, खिळ्यांचे खिसे, हातोडीला कडी, पटाशांना घरं. सगळे एकाच मापाचे. वहिनीची पाळी आली तेव्हा तो स्वतः पुढे झाला. मागून पट्टा घातला, दोन्ही टोकं पुढे ओढली. मध्ये वीतभर अंतर राहिलं.

"वहिनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा पट्टा आहे हो, पूल नाही. या काठावरून त्या काठाला कसा पोचेल?"

हशा पिकला. तेवढ्यावर थांबता तरी. खिशातून सुतळी काढून त्याने ती दोन टोकं एकमेकांना बांधली, मागून थाप मारली आणि म्हणाला, "घ्या, शिवलं पोतं."

तिने पटाशीने सुतळी कापली. पट्टा त्याच्या हातात दिला. मग त्याने सुस्कारा सोडून जाहीर केलं की त्याचा नाइलाज आहे, अट नाट्यगृहाची आहे, वहिनींनी आता घासकामाच्या खोलीत बसावं.

घासकामाची खोली म्हणजे कारखान्याचं मागचं अंग. खिडकी एक, ती कायम भुशाने मळलेली. तिथे तिला दोघे भेटले. एक जिनेवाला, ज्याच्या हातचा जिना वाकत नाही की करकरत नाही, आणि एक कोरीवकामवाला, जो हसला की पोट आधी हसायचं. पट्टा त्यांनाही पोचला नव्हता. वर गेले होते ते सडपातळ, नवखे गडी. कारखान्यातलं सगळं कसब मागच्या खोलीत पॉलिशपेपर घासत बसलं होतं.

"आपण जाडे आहोत म्हणून इथे आहोत," कोरीवकामवाला म्हणाला.

"आपण इथे आहोत," वहिनी म्हणाली, "कारण त्याने माप घेतलं नाही. घेतलं असतं तर पट्टे मिळाले असते."

दुसऱ्याच दिवशी ती हत्यारांच्या दुकानात गेली. मोठं माप मागितलं. दुकानदार चपापला, मग बोलून गेला. मोठी मापं येतात की, तिच्या दिरालाच त्याने दाखवली होती. दीर म्हणाला होता, ती परत पाठवा, आमच्याकडे कुणाला लागत नाहीत. वहिनीने दुकानदाराकडून हे पुन्हा एकदा वदवून घेतलं, शब्द न् शब्द. त्या दिवशी ती माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चुकून झालं असतं तर मी विसरले असते. आता नाही."

त्या मापांतला सगळ्यांत मोठा पट्टा तिने मागवला. तो पुरेल की नाही, ते माप स्वतःच घेतलं आणि इथे फसली. जन्मभर लाकूड मोजलेली बाई. आयुष्यात कधी फळी केसभर आखूड कापली नाही. तिने स्वतःलाही फळीसारखंच मोजलं. ताठ उभी राहिली, टेप करकचून ओढला आणि श्वास रोखून आकडा घेतला. लाकूड श्वास घेत नाही हे ती विसरली. पट्टा आला आणि चार बोटं कमी पडला. पुडकं नेमकं दिराच्या हाती लागलं होतं. त्याने ते स्वतः आणून दिलं आणि ती घालून पाहीपर्यंत दारात उभा राहिला. पडलेलं तोंड पाहून घेतलं, मग शीळ घालत निघून गेला. वहिनी म्हणते, थापेपेक्षा ती शीळ जास्त लागली.

दुकानदाराने मग खोगीरवाल्याचा पत्ता दिला. गावाबाहेर शर्यतीच्या घोड्यांचे तबेले आहेत, त्यांच्या भिंतीला लागून त्याची खोली. आत चामड्याचा नि तेलाचा वास, भिंतीवर लगाम, आणि मधोमध लाकडी घोडा, ज्याच्यावर खोगिरं बसवून पाहायची. म्हातारा, तोंडाळ. वहिनीने कमी पडलेला पट्टा पुढे टाकला आणि म्हणाली, जोड द्या. त्याने विचारलं, माप कुणी घेतलं? मी, ती म्हणाली. कसं घेतलं? तिने करून दाखवलं.

म्हातारा खो खो हसला. पण ते हसू अंगणातलं नव्हतं. "खोगिराचा तंग पोटावर आवळायला गेलं की घोडं पोट फुगवतं," तो म्हणाला, "आणि माणूस आत ओढतं. खोटं दोघंही बोलतात. घोड्याला मी दोन पावलं चालवतो, मग मोजतो. तुम्हीही चाला."

त्याने तिला खोलीभर चालवलं, वाकवलं, जेवलात का विचारलं, नाही म्हटल्यावर स्वतःच्या डब्यातलं खायला लावलं, आणि मग माप घेतलं. कमरेवरून नाही, जरा खाली, जिथे वजन बसतं तिथून. जोड दिलाच नाही. घोड्याच्या तंगाचं दुहेरी चामडं घेऊन नवाच पट्टा शिवला, दोन खांदेपट्टे लावले, बकल तंगाचंच घातलं. तो घालून वहिनी चालली तेव्हा पटाशा पाळण्यातल्या बाळासारख्या गप्प राहिल्या. ती आरशाकडे गेली नाही. म्हणाली, "असेच आणखी दोन करा. माणसं उद्या आणते."

आता तुम्ही म्हणाल, झालं, पट्टा मिळाला, जावं वर आणि काम करावं. पण ती वर चढली नाही. ती थांबली. नवखे गडी छत बसवत होते आणि सांधे फाकत होते, हे तिला मागच्या खोलीत बसून कळत होतं. रोज दुरुस्तीला खाली येणाऱ्या तावदानांच्या कडा पाहून कळत होतं. ही ती निमूट घासून द्यायची. चुकतंय असं एका शब्दाने बोलली नाही. मी म्हटलं, अगं, छत तुझं आहे, बिघडू कसं देतेस? तर म्हणाली, "लाकूड पुन्हा मिळतं. अशी वेळ पुन्हा मिळत नाही."

व्यवस्थापक बाई पाहणीला येणार होत्या, त्या दिवशी भर दुपारी तिघं कारखान्यातून निघाले. पुढे वहिनी, मागे जिनेवाला नि कोरीवकामवाला, तिघांच्या अंगावर खोगीरवाल्याचे पट्टे. नाट्यगृहात शिरले तेव्हा बाई मान वर करून उभ्या होत्या. चांदण्यांमधून फटी दिसत होत्या, आणि दीर लाकूड ओलं असल्याचं सांगत होता.

"लाकूड कोरडं आहे," वहिनी म्हणाली. "हात ओले आहेत."

दीर लगबगीने पुढे आला. बाईंना म्हणाला की यांच्या वजनाने परांची बसेल, जोखीम नको. वहिनीने वाळूची पोती फळ्यांवर चढवायला लावली, तिघांच्या वजनाहून जास्त, आणि ती वर चढवली दिराच्याच गड्यांनी. परांची हलली नाही. मग ती बाईंकडे वळली आणि दुकानदाराने सांगितलेलं सगळं सांगितलं. मोठी मापं होती, दाखवली होती, आणि यांनी ती परत पाठवली. आवाज चढवला नाही. नाटकघराच्या बांधणीचा फायदा हा की हळू बोललेलंही शेवटच्या रांगेपर्यंत जातं. आणि गडी सगळे तिथेच होते.

काम तिच्या नावावर झालं. छत तिने उतरवलं आणि पुन्हा चढवलं. आज खालून पाहा, एकच फळी वाटते. कारखान्याच्या मधोमध भिंत आली. दिराचे गडी एकेक करून भिंतीपलीकडून अलीकडे आले. तिने सगळ्यांना घेतलं, पण आधी प्रत्येकाचं माप घेतलं, जाड असो बारीक असो, चालवून, जेवू घालून. लोक म्हणाले, काय माणुसकी. मी ओळखून होते. प्रत्येक माप म्हणजे दिराला एक चपराक होती.

आणि मग जाऊ आली. पदराआड डोळे पुसत नाही आली, ती तशी बाईच नाही. सरळ म्हणाली, "वहिनी, भिंतीपलीकडे आता नुसता भुसा उरलाय. ह्यांना काम द्या."

मला वाटलं, आता ही त्याला दारातून हाकलेल. मी तर पाहायला येऊन बसले होते. पण तिने होकार दिला. दिराला अंगणात बोलावलं, जिथे त्याने सुतळी बांधली होती तिथेच, आणि सगळ्यांदेखत त्याचं माप घेतलं. दोन पावलं चालवलं. वाकवलं. 'भाऊजी, जेवलात का?' विचारलं. त्याची मान खाली ती खालीच. पट्टा खोगीरवाल्याकडूनच शिवून आणला, मऊ चामड्याचा, सगळ्यांत देखणा. इतका अंगाबरोबर बसला की तो घातलाय हे विसरावं.

मी नंतर तिला म्हटलं, शेवटी मन मोठं केलंस तर.

"कसलं मोठं मन," ती म्हणाली. "हाकलला असता तर मला शिव्या घालत सुखाने जगला असता. आता रोज सकाळी बकल लावताना त्याला मी आठवते. मी दिलेला पट्टा कमरेला बांधल्याशिवाय त्याला काम नाही. यापेक्षा मोठी शिक्षा असेल तर सांग."

असा सूड म्हणजे व्याज घेत राहायचं आणि मुद्दल कधी मिटू द्यायचं नाही.

लोकांना सांगून झालं. आता पुन्हा तुझ्याशी बोलते.

मध्यंतरी आजारी पडून तुझा दीर आणखी रोडावला, पट्टा त्याच्या कमरेवरून घसरायला लागला. तुझ्यापुढे यायचं धाडस होईना, म्हणून माझ्या फाटकाशी आला. पट्टा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, बाई, वहिनींना म्हणावं, आतल्या बाजूला दोन भोकं पाडून द्या. मी तो तेव्हाच तुझ्याकडे आणून दिला. तू पटाशीला धार लावत होतीस. 'ठेव तिथे, पाडते,' म्हणालीस. हातोडीचे दोन ठोके, की झालं. पुढे दोनदा आठवण केली. 'पाडते म्हटलं ना,' म्हणालीस आणि बोलणं दुसरीकडे गेलं. पट्ट्यावाचून काम बंद, तो अजून फाटकाशी थांबून विचारतो, झालं का? मी म्हणते, विचारते. काल तुझ्याकडे चहा प्यायला बसले होते तेव्हा पट्टा तुझ्या दारामागच्या खुंटीला होता. तूही पाहिलास, मीही पाहिला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.