आडवी धरलेली साखळी

डिझेलने धुतलेल्या लोखंडाचा वास आला की मी आजही धुळ्यात, माझ्या मोठ्या भावाच्या, नानांच्या गॅरेजात जाऊन पोहोचते.

शर्यतीसाठी माझ्या मोटारसायकलला जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बसवायचा होता. "जुनी टायमिंग चेन चांगली शे, तीच टाक," नाना त्या दांड्याला फिरवणाऱ्या साखळीबद्दल म्हणाले. मी ती एका टोकाला धरून, सांधे वाकणार नाहीत अशी कुशीवर आडवी केली. झिजून सैल झालेली ती केळीच्या पानासारखी खाली वाकली. मग नवी, जाड कड्यांची धरली. ती जवळपास सरळ राहिली.

"हीच टाकणार," मी म्हणाले. "नव्या कॅमशाफ्टचा ताण जुनीला झेपणार नाही. भर शर्यतीत तुटली, तर इंजिन जाईल."

तेव्हा मला तो माझा नुसता हट्ट वाटला. पण त्याआधी काहीही निवडताना मी नानांच्या तोंडाकडे बघायचे. त्या दिवशी मी साखळीकडेच बघत राहिले.