वरच्या मजल्यावरचा टेस्टर

परदेशात शॉमबर्गला आमच्या वरच्या मजल्यावर एक नागपूरकर राहायचा. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, म्हणजे बग शोधायचा, आणि घरीही तेच. त्याला काहीही बिघडल्याचं सांगा, त्याचा प्रश्न ठरलेला, "रिप्रोड्यूस होते का, भाऊ?" म्हणजे तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवता येतो का.

दसऱ्याला मी नव्या गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती नीट चिरडली जावीत म्हणून ॲक्सिलरेटर जरा भक्तिभावाने दाबला. गाडी लिंबांवरून निघाली ती थेट समोरच्या फुटपाथच्या कर्बवर चढली. दृष्ट लागू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि गाडीला मीच पुरेसा होतो.

त्यानंतर सरळ जायलाही स्टिअरिंग डावीकडे वळवून धरावं लागे. "नवी गाडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो," असं मी बायकोला ऐकवलं. वरच्याने मात्र शेजारी बसून मला पार्किंग लॉटमधल्या स्पीड ब्रेकरवरून पुन्हा पुन्हा जायला लावलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाचा खडखडाट ऐकला. मग उतरून, गाडीखाली वाकून म्हणाला, "चाक धरणारा आर्म वाकला. पण बग गाडीत नाही, भाऊ." आणि ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं.

गॅरेजमध्ये तो आर्म बदलला, चाकांची अलाइनमेंटही झाली.

पुढच्या दसऱ्याला चाकांखाली लिंबं त्यानेच ठेवली. मग किल्लीसाठी हात पुढे केला. मी उगाच खिसे चाचपत राहिलो. किल्ली बायकोने केव्हाच त्याच्या हातावर ठेवली होती.